मुलांच्या पातळीवर

जुना जालना
९ जून २०२४

चि. निवेदितास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कचेरीतून आलेलं पाकीट काल दुपारी उघडलं आणि आज सकाळपर्यंत कुणाशी बोललो नाही. तुझी मामी म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "अकरा पानांतली आठ पानं गेली."

अपूर्णांकांच्या भागाकाराचं प्रकरण लिहायला मला अख्खा हिवाळा लागला. आयुष्यभर महाविद्यालयात गणित शिकवलं, शोधनिबंध लिहिले, पण सहावीच्या मुलासाठी लिहिताना जेवढी खाडाखोड केली तेवढी कधी केली नव्हती. तुमचे ते मुकुल नावाचे मुख्य संपादक समासात लिहितात, "गोष्टी फार. सूत्र कुठे आहे?" आणि प्रकरणाच्या माथ्यावर त्यांनी पिवळी चौकट काढली आहे: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा.

का उलटा करायचा? मुलाने विचारलं तर मास्तरने काय सांगायचं? पुस्तकात दिलंय म्हणून? निवेदिता, शाळेत गणित हा एकच विषय असा आहे की दहा वर्षांचं पोर मास्तरला म्हणू शकतं, "सर, तुमचं चुकलं," आणि मास्तरला ते ऐकावं लागतं. इतिहासातली सनावळी दुसऱ्यावर भरवसा ठेवून घ्यावी लागते. गणितात कुणावर भरवसा ठेवायची गरज नसते, स्वतः तपासून घेता येतं. नेमकं तेवढंच तुम्ही कापून टाकलंत आणि वर म्हणता, सोपं केलं.

माझी वाक्यं लांब आहेत अशीही तक्रार आहे. 'कारण' हा शब्द आला की वाक्य लांब होतंच. 'समजा', 'म्हणून', 'पण' हेच माझे शब्द. ते काढले तर आकडे उरतात, आणि नुसते आकडे म्हणजे गणित नव्हे, किराणा दुकानातले डबे म्हणजे जसा स्वयंपाक नव्हे.

पुस्तकावर माझं नाव हवं असेल तर माझी पानं छापा. नसतील छापायची तर नाव काढा. फोन करू नकोस, मला आता यंत्र लावूनही नीट ऐकू येत नाही आणि तुझ्या मोबाइलच्या चार ओळींत हे मावणारं नाही. पत्र लिही.

तुझा
जगन्नाथमामा

०

पुणे
१७ जून २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मलाही राग आला, तो लपवत नाही. सुलभांक प्रकाशनात तुमचं नाव मी नेलं. "माझे मामा मोठे गणिती आहेत, आणि मराठीत लिहितात," असं सांगून मुकुल सरांना तयार केलं. तुम्ही रागावून मोकळे झालात, पण दोन्हीकडची बोलणी मला खावी लागतात.

ती आठ पानं मुकुल सरांच्या लहरीखातर गेलेली नाहीत. आम्ही तुमचं प्रकरण बारा शिक्षकांना वाचायला दिलं होतं. नऊ जणांनी लिहिलं की भाषा सुंदर आहे, पण वर्गात वापरता येणार नाही. तुमच्या पहिल्या तीन पानांत एकही भागाकार होत नाही, मामा. व्याख्या कशी असावी यावर दीड पान आहे. ते वाचताना मला तुम्ही दिसता, खुर्चीत बसलेले, चष्मा कपाळावर घेतलेले. मूल मात्र कुठेच दिसत नाही. तुम्ही मुलाला उंबऱ्यावर उभं करून स्वतः आत निघून जाता.

पिवळी चौकट मलाही आवडत नाही. पण ती हटवायची तर तिच्या जागी वर्गात चालेल असं काहीतरी हवं. तुमची जुनी विद्यार्थिनी शीतल खरात वडीगोद्रीच्या शाळेत शिकवते, असं मामी मागे सांगत होती. एकदा तिच्या वर्गात जाऊन ते प्रकरण शिकवून बघा. दहा वर्षांच्या मुलासमोर तुम्ही शेवटचे कधी उभे राहिलात?

पुस्तक सप्टेंबरमध्ये छापायला जाईल. तोवर तुमची नवी पानं आली तर मी त्यांच्यासाठी भांडेन, हा शब्द देते.

तुमची
निवेदिता

०

जुना जालना
२८ जुलै २०२४

चि. निवेदितास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा राग दोन आठवडे पुरला. मग अंबडची एसटी धरली आणि तिथून पुढे वडीगोद्रीला गेलो.

शाळा हमरस्त्यापासून आत आहे, तरी ट्रकांचा आवाज वर्गात येतो, असं शीतल म्हणाली. मला येत नव्हता, हा बहिरेपणाचा फायदा. सहावीचा वर्ग. मी सुरुवात केली, "भागाकार ही गुणाकाराची व्यस्त क्रिया आहे." मुलं माझ्याकडे पाहत राहिली, लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्याकडे पाहतात तशी. पहिल्या बाकावरच्या पोरीने शेजारणीला विचारलं, "ह्ये कोन आल्ते?" हे मला शीतलने नंतर सांगितलं. दहा मिनिटांनी शीतलने माझ्या हातातून खडू घेतला. "सर, तुम्ही बसा जरा," म्हणाली. माझ्याकडे शिकायला होती तेव्हाही ती अशीच होती. परवानगी विचारायची ती काम झाल्यावर.

पंधरा ऑगस्टसाठी फितीची फुलं करायची होती. एका फुलाला अर्धा मीटर फीत. तिने सहा मीटरचं भेंडोळं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "किती फुलं होतील?" बारा, हे सगळ्यांना आलं. मग तिने फळ्यावर मांडलं, सहा भागिले एक-द्वितीयांश. "आता सांगा, आपण भागलं, तरी सहाचे बारा कसे झाले? भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना?"

वर्गात जो गोंधळ झाला तो मला ऐकू आला नाही, पण दिसला. मुलं उभी राहिली, एकमेकांना हातवारे करून सांगू लागली. यशश्री नावाची एक मुलगी पुढे आली, भेंडोळ्याची एक मीटर फीत ओढली, मध्ये दुमडली आणि म्हणाली, "एका मीटरमधी दोन निघून राह्यले. मंग सहामधी साहा दुणे बारा." तुमच्या चौकटीतला 'उलटा करा' तो इथून येतो. कुणीही तिला उलटा कर असं सांगितलं नव्हतं.

तुझं म्हणणं निम्मं बरोबर होतं. चौकट मात्र तरीही चूकच आहे, हे आता मी डोळ्यांनी पाहून सांगतो. प्रकरण नव्याने लिहिलं आहे, चार पानं. पहिल्या ओळीत फीत आहे. सोबत पाठवतो. यातला शब्दही हलवायचा असेल तर आधी मला कळव.

जगन्नाथमामा

०

पुणे
२ सप्टेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

घाईत लिहिते आहे. चार पानं पोचली. फार चांगली आहेत, तुमचं इतकं मोकळं लिखाण मी वाचलं नव्हतं. मुकुल सरांनाही दाखवली. वेळापत्रक फार पुढे सरकलं होतं, त्यामुळे सगळंच जसंच्या तसं घेता आलं नाही, पण गाभा घेतला आहे. पुस्तक छापायला गेलं. तुमचं नाव पाहून जालना जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांनी मागणी नोंदवली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे? डोळ्यांना जपा.

निवेदिता

०

जुना जालना
३ ऑक्टोबर २०२४

चि. निवेदितास आशीर्वाद.

हे पत्र तुझी मामी लिहून घेते आहे, कारण माझ्या डोळ्यावर पट्टी आहे. पुस्तक आलं. वाचता येत नाही, नुसतं हातात घेऊन बसतो. कागद चांगला वापरला आहे.

तू शब्द पाळलास. गाभा घेतला म्हणजे फीत घेतली असणार, बाकी शब्द गेले तरी चालतील. एरवी मी इतक्या सहज मान्य केलं नसतं, पण वडीगोद्रीपासून जरा मऊ झालो आहे. शीतलला कळवलं आहे की आपलं प्रकरण छापून आलं. तिच्या शाळेनेही पुस्तक घेतलं म्हणे. मामीने गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात. तोवर वाचन बंद.

मामा

०

वडीगोद्री
१८ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचे डोळे बरे झाले असतील असं धरून लिहिते. झाले नसतील तर काकूंनी हे पत्र वाचून दाखवावं, पण वाचून दाखवावंच.

सर, तुमच्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं पान तुम्ही लिहिलं आहे का? मला खरं उत्तर पाहिजे. त्या पानावर पिवळ्या चौकटीत छापलंय: लक्षात ठेवा, भागाकार केल्यावर येणारं उत्तर नेहमी मूळ संख्येपेक्षा लहान असतं. फितीचा कुठे पत्ता नाही. मी वर्गात ती चौकट मुलांना पेनने खोडायला लावली. तुमच्या पुस्तकावर काट मारणं जिवावर आलं, पण मारली.

त्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. सुलभांक प्रकाशनाने डिसेंबरात सगळ्या शाळांमधून गणित गौरव परीक्षा घेतली. जिल्ह्यातल्या पहिल्या दहा मुलांना संभाजीनगरला दोन वर्षं राहायची आणि शिकायची सोय फुकट. त्यात चूक की बरोबर सांगण्याचा एक प्रश्न होता, तोच, चौकटीतला. यशश्रीने 'चूक' लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, कडेला फितीचं चित्र काढलं आणि सहाचे बारा करून दाखवले. तिला शून्य. ती अकरावी आली, एका गुणाने.

मी प्रकाशनाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "उत्तरसूची पुस्तकानुसार असून अंतिम आहे." पुन्हा लिहिलं, जरा कडक लिहिलं. त्यांनी ते पत्र आमच्या संस्थेला पाठवलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, पुस्तक एवढ्या मोठ्या प्रोफेसरांचं. तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त शिकल्या का?" मी म्हटलं, "सर, त्यांनीच मला शिकवलं." ते म्हणाले, "मंग गुरूवर काट मारता?" माझ्या हातात नोटीस दिली, संस्थेची बदनामी केल्याबद्दल खुलासा करा म्हणून. माझं शिक्षणसेवकाचं शेवटचं वर्ष चालू आहे. मार्चमध्ये कायम करायचं की काढायचं ते संस्था ठरवणार.

नोकरीचं मी बघून घेईन. यशश्रीची आई उषाबाई शाळेत आली होती. कापूस वेचायचा सोडून आली होती. म्हणाली, "मॅडम, पोरगी जेवून न्हाई राह्यली. तुम्हीच शिकवल्तं ना तिला तसं? मंग तुमचं खरं का पुस्तकाचं?" मी सांगितलं, आपलं खरं. ती म्हणाली, "मंग पुस्तकावाल्याला कोन सांगनार?"

म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमची विद्यार्थिनी
शीतल तातेराव खरात

०

जुना जालना
२१ जानेवारी २०२५

निवेदिता,

सत्तेचाळिसावं पान आज वाचलं. सोबत शीतलच्या पत्राची नक्कल आहे, तीही वाच.

पुस्तकं वाईट असतात, कंटाळवाणी असतात, ते मी सहन करत आलो. हे वाक्य खोटं आहे. अर्ध्याने भागून उत्तर दुप्पट येतं हे जिला कळलं त्या पोरीला तुम्ही शून्य दिलं, आणि ज्यांनी विचार न करता चौकट घोकली त्यांना गुण दिले. याला परीक्षा म्हणायचं? यात पोरीने शिकायचं काय, की डोळ्यांना दिसतं ते बोलू नये? आणि हे सगळं माझ्या नावाच्या आडून. माझं नाव म्हणजे काय, दुकानावरची पाटी आहे, आत काहीही विका?

"गाभा घेतला आहे," असं तू लिहिलं होतंस. तो गाभा मला दाखव.

हे वाक्य कुणी लिहिलं? छापण्याआधी तू वाचलं होतंस का? उत्तरसूची कधी बदलणार? तीन प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं दे. तब्येतीची चौकशी नको.

जगन्नाथ सातोनकर

०

पुणे
२९ जानेवारी २०२५

ती. मामा,

तुम्ही खाली पूर्ण नाव घातलंत, मला ते लागलं. असो.

वाक्य मुकुल सरांनी घातलं. छापण्याआधी मी वाचलं होतं. चूक आहे, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "सहावीच्या मुलाला पूर्णांकच डोळ्यांसमोर असतात, उगाच गोंधळ नको." तिसऱ्यांदा बोलले असते तर पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं असतं. मी मान्यतेची सही केली. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही काय कराल ते मला ठाऊक होतं. तुम्हाला हे भित्रेपणाचं वाटेल. घर माझ्या पगारावर चालतं, तेव्हा तुम्हाला काय वाटेल याचा विचार मी रोज करू शकत नाही.

उत्तरसूची बदलणार नाही. एक उत्तर बदललं तर अख्ख्या जिल्ह्याची यादी बदलावी लागेल, आणि यादी जाहीर झाली आहे. पुढच्या आवृत्तीत वाक्य काढू, एवढं ते म्हणतात.

आणखी एक. १६ फेब्रुवारीला जालन्यात बक्षीस समारंभ आहे, त्याची पत्रिका तुम्हाला येईल. प्रमुख पाहुणे म्हणून तुमचं नाव न विचारताच छापलं आहे. मामा, कृपा करून येऊ नका. डोळ्यांचं कारण सांगा. तिथे भांडून काही बदलणार नाही, आणि तुमचा मान जाईल.

निवेदिता

०

जुना जालना
१७ फेब्रुवारी २०२५

निवेदिता,

मी गेलो होतो. शीतलला निरोप धाडला होता, ती उषाबाईला आणि यशश्रीला घेऊन आली. तिघी मागच्या रांगेत बसल्या. तुझे मुकुल सर पुढे येऊन माझ्या पाया पडले. मला शाल दिली, श्रीफळ दिलं.

माझी पाळी आल्यावर मी उठलो आणि पुस्तकाचं ते पान उघडून वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, "हे मी लिहिलेलं नाही आणि हे खोटं आहे." इतपत ठीक झालं. मग मला राग आवरला नाही. व्याख्या, प्रतिउदाहरण, परिमेय संख्या, जे तोंडाला आलं ते बोलत गेलो. लोक कंटाळले. कुणी मोबाइल काढला. मी जे दोन वाक्यांत बोलायला हवं होतं ते वीस मिनिटं बोललो, आणि माझ्याच समोर ते वाया जाताना पाहत राहिलो.

मुकुल सर हसत माइकपाशी आले. त्यांचं बोलणं शीतलने मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, "सर थोर गणिती आहेत. उच्च गणितात असं काही काही असतं. पण मुलांच्या पातळीवर पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुलांच्या पातळीवर. हे दोन शब्द काल रात्रीपासून माझ्या डोक्यात घण घालताहेत. पातळीनुसार कमी सांगावं, सोप्या शब्दांत सांगावं, काही पुढच्या वर्षासाठी ठेवावं, हे मला मान्य आहे. वडीगोद्रीला मी तेच शिकलो. पण खोटं खरं ठरावं अशी पातळी कुठली? मूल लहान आहे म्हणून त्याला खोटं नाणं दिलं तरी चालतं का?

तेव्हा मागून उषाबाई उठल्या, त्यांचे शब्दही मला शीतलनेच सांगितले. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "साहेब, मला ते वरचं-खालचं न्हाई कळत. माझ्या पोरीचं बराबर होतं का चूक, एवढंच सांगा."

मुकुल सर म्हणाले, "ताई, दोन्ही बाजूंनी विचार केला तर..."

"दोन्ही कसं असन? गुन तर एकालाच दिला तुम्ही."

त्यांनी यादी हातात घेतली. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. उषाबाईंनी मुलीचा हात धरला आणि त्या बाहेर पडल्या. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्या मागे गेलो. रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते आणि यशश्री रडत नव्हती, ती माझ्या कानाशी येऊन विचारत होती, "सर, पुस्तकात चूक ऱ्हाती का?" मी म्हटलं, "राहते." ती म्हणाली, "मंग वाचायचं कसं?"

माझं नाव पुस्तकावरून काढावं असं पत्र आज प्रकाशनाला पाठवलं आहे. दुसरं पत्र शीतलच्या संस्थेला, की काट मारली ती योग्य होती आणि लेखकाला मान्य आहे. तू येऊ नका म्हणालीस ते माझ्या मानासाठी. माझ्या मानाचं काय ते मी बघेन. तुझी सही त्या पानावर आहे, तिचं काय करायचं ते तू बघ.

मामा

०

पुणे
५ मार्च २०२५

ती. मामा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. शेवटची ओळ वाचून पत्र फाडलं आणि मग तुकडे जोडले.

समारंभानंतर दोन शाळांनी पुस्तकं परत करायची भाषा केली. सोमवारी मुकुल सरांनी मला आत बोलावलं. समोर एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की ते वाक्य मूळ हस्तलिखितातच होतं, लेखकाचं वय आणि दृष्टी पाहता अशी चूक संभवते, आणि संपादक म्हणून मी याची खात्री देते. खाली माझं नाव होतं, सहीची जागा मोकळी होती.

मी विचारलं, "हे खरं नाही, तुम्हाला माहीत आहे ना?"

ते म्हणाले, "निवेदिता, ते निवृत्त आहेत. त्यांचं काय बिघडणार आहे? इथे चाळीस माणसांचे पगार आहेत." अगदी शांतपणे म्हणाले. चहा मागवला माझ्यासाठी.

मामा, त्या वाक्याला मी नोकरीखातर सही केली होती. तेव्हा वाटलं होतं, एक ओळ आहे, कुणाचं काय जातं. आता त्याच ओळीसाठी तुम्हाला म्हातारे आणि आंधळे ठरवायचं. हे पुढे कुठे थांबणार होतं? मी चहा घेतला नाही. माझ्या जागेवर आले, तुमची चार पानं संगणकावर उघडली आणि ज्या ज्या शाळेने पुस्तक घेतलं त्या सगळ्यांना प्रकाशनाच्याच पत्त्यावरून पाठवली. वर लिहिलं: "पुस्तकातलं सत्तेचाळिसावं पान चुकीचं आहे. ते संपादनात घातलं गेलं, लेखकाने लिहिलेलं नाही. लेखकाची पानं सोबत आहेत. परीक्षेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर 'चूक' हेच बरोबर आहे." खाली माझी सही केली, हुद्द्यासकट.

दुपारपर्यंत हुद्दा गेला. वकिलाची नोटीस पाठवू म्हणतात. पाठवू देत.

मला शाबासकी नको आहे. तुमच्यावरचा रागही पूर्ण गेलेला नाही. त्या दिवशी वीस मिनिटांऐवजी दोन वाक्यं बोलला असतात तर कदाचित एवढं झालं नसतं.

निवेदिता

०

जुना जालना
२० एप्रिल २०२५

चि. निवेदितास अनेक आशीर्वाद.

शाबासकी नको म्हणालीस, म्हणून देत नाही. मामीने मात्र तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पुण्याला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर तुझ्यासाठी डबा दिला आहे.

इकडचं सांगतो. तू पाठवलेली पानं पोचल्यावर अंबड आणि भोकरदनकडच्या कितीतरी शिक्षकांनी प्रकाशनाला लिहिलं. हसनाबादच्या देवानंद नावाच्या मास्तरांनी तर आपल्या वर्गातल्या मुलांच्या सह्यांचं पत्र धाडलं. शीतलची नोटीस संस्थेने मागे घेतली आणि तिला कायम केलं. मुख्याध्यापक तिला म्हणाले, "मॅडम, आधीच नीट सांगायचं ना." तिने आधी नीटच सांगितलं होतं.

यशश्रीची जागा मात्र गेली ती गेली. यादी बदलली नाही. प्रकाशनाने तिला विशेष प्रोत्साहन म्हणून एक प्रमाणपत्र पाठवलं. उषाबाईंनी ते शाळेतून घेतलंच नाही. "बराबर होतं म्हनून लिहून द्या, मंग घेते," म्हणाल्या. तसं लिहून द्यायला अजून कुणी आलेलं नाही. याचा राग मला मरेपर्यंत पुरेल.

दर शनिवारी मी वडीगोद्रीला जातो. शीतल शिकवते, मी मागे बसतो, आणि तिने बोलावलं तरच उठतो. तू मोकळी आहेस तर आपण तिघं मिळून एक पुस्तक करू, असं माझ्या मनात आहे. शीतलने वर्गात तपासायचं, मी लिहायचं, तू कापायचं. विचार करून कळव. पैसे मिळण्याची शक्यता फार थोडी आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या शनिवारी यशश्री माझी चार पानं घेऊन आली. तिसऱ्या पानावर मी लिहिलं आहे, फूल करायला दोन-तृतीयांश मीटर फीत लागत असेल, तर एका मीटरमध्ये दीड फुलाची फीत निघते, हे उघडच आहे. तिने 'उघडच आहे' वर बोट ठेवलं.

"सर, मला न्हाई दिसलं."

मी म्हटलं, "एक मीटरमधून दोन-तृतीयांश कापली. किती उरली?"

"एक-तृतीयांश."

"मग?"

"मंग एक फूल आन् वर एक-तृतीयांश. दीड कुठून आलं?"

आधी चिडलो, खोटं कशाला बोलू. मग पाहिलं की पोर जिथे अडली आहे तिथे अडणं अगदी रास्त आहे. उरलेला तुकडा मीटरच्या मापाने एक-तृतीयांश आहे, आणि फुलाच्या मापाने अर्धा. फीत तीच, मोजायचं माप बदललं. मी ते माप गुपचूप बदललं आणि वर लिहिलं, उघडच आहे. हे शब्द मी जन्मभर वापरत आलो. वर्गात, निबंधांत, सगळीकडे.

तिला तिथल्या तिथे फीत कापून दाखवली. उरलेला तुकडा फुलाच्या तुकड्यावर ठेवला, तो बरोबर निम्म्यावर आला. ती म्हणाली, "ह्ये लिहा ना मंग पुस्तकात. दुसऱ्याला कसं कळनार?"

ते दोन शब्द खोडले. त्यांच्या जागी जे लिहावं लागलं ते अर्धं पान झालं, आणि ते लिहायला तीन दिवस गेले. सोबत पाठवतो आहे. लांब वाटलं तर काप, पण कापण्याआधी यशश्रीला विचार.

तुझा
जगन्नाथमामा